बोलायला माणूस दिला की झालं?

एखाद्या ज्येष्ठाच्या आत्महत्येची बातमी आली की तिच्यात एक वाक्य ठरलेलं असतं: 'एकटेपणाला कंटाळून'. उपायही ठरलेला. त्यांच्याशी बोला, त्यांना वेळ द्या. सल्ला वाईट नाही. पण त्याला संशोधनाचा आधार किती? ते बघायला तीन पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचले. त्यातला एक आपल्या शेजारच्या गोव्यातला आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

अमित डायस, विक्रम पटेल, चार्ल्स रेनल्ड्स आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१९ साली 'जामा सायकियाट्री'मध्ये आला. गोव्यातल्या गावांतल्या आणि शहरांतल्या प्राथमिक दवाखान्यांत येणारे, साठीपुढचे १८१ जण. त्यांना नैराश्याचा आजार झालेला नव्हता, पण लक्षणं दिसायला लागली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. ९१ जणांबरोबर प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी काम केलं. हे लोक डॉक्टर नव्हते की मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. उरलेल्या ९० जणांना नेहमीचे उपचार. वर्षभरात पहिल्या गटात ४ जणांना नैराश्य आलं, दुसऱ्यात १३ जणांना. म्हणजे साधारण दहा जणांबरोबर काम केलं तर एकाचं नैराश्य टळलं. इतक्या कमी खर्चाच्या उपायाला हे चांगलंच यश आहे.

आता नीट बघा, या माणसांनी केलं काय? नुसत्या गप्पा नाही मारल्या. अडचण सुटी करून ती कशी सोडवायची ते शिकवलं, झोपेची घडी बसवली, शुगरसारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यायची ते सांगितलं आणि सरकारी योजनांपर्यंत पोचायला मदत केली. माझ्या मते या पेपरातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, आणि त्याची सगळ्यात मोठी अडचणही इथेच आहे. दुसऱ्या गटाकडे तितकाच वेळ नुसतं बसून बोलणारं कुणी गेलं नाही. मग फरक झोपेच्या सल्ल्याने पडला, योजनेच्या अर्जाने पडला, की कुणीतरी आपली चौकशी करतंय याने? या आकड्यांवरून ते सांगता येत नाही. ४ आणि १३ हे आकडे लहान आहेत, तेही लक्षात ठेवा. आणि हा प्रयोग नैराश्याचा होता, आत्महत्येचा नव्हे. त्यावरून 'आत्महत्या टळतात' असं कुणी म्हणालं तर थांबवा.

आत्महत्या मोजायची तर किती माणसं लागतात, याचा अंदाज दुसऱ्या पेपरातून येतो. इटलीच्या व्हेनेतो भागात दिएगो दे लेओ यांनी एका फोन-सेवेचा अभ्यास केला. घरी असलेल्या वृद्धांना मदतीसाठी दाबायचं बटण दिलेलं, शिवाय आठवड्यातून साधारण दोनदा फोन. १९८८ ते १९९८ या ११ वर्षांत १८,६४१ लोक, सरासरी वय ८०. तिथल्या दरानुसार सुमारे २१ आत्महत्या अपेक्षित होत्या, झाल्या ६. हजारोंमध्ये एकवीस! गोव्याच्या १८१ जणांत एका वर्षात असा फरक दिसणं शक्यच नव्हतं. पण इटलीत चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, आणि फायदा ठामपणे दिसला तो बायकांमध्ये. पुरुषांमध्ये तसा दिसला नाही. आपल्याकडे या अभ्यासाचा दाखला देताना हे शेवटचं वाक्य हमखास गळतं.

तिसरा पेपर अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा, २०२१ चा. यीट्स कॉनवेल आणि किम्बर्ली व्हॅन ऑर्डन यांनी नेमकी आपल्या सल्ल्याचीच परीक्षा घेतली: एकटं वाटणाऱ्या किंवा आपण इतरांवर ओझं आहोत असं वाटणाऱ्या ज्येष्ठांना सोबती दिला. ३६९ जण होते. सोबत मिळालेल्यांची उदासी, चिंता आणि ओझं असल्याची भावना तुलनेच्या गटापेक्षा जास्त कमी झाली. आत्महत्येच्या विचारांत मात्र तसा फरक पडला नाही.

'ओझं' हा शब्द धरून ठेवा. थॉमस जॉइनर यांच्या सिद्धांतात आत्महत्येच्या इच्छेमागे दोन भावना मानल्या आहेत: आपलं कुणी नाही, आणि आपण दुसऱ्यांना भार झालोय. आपण पहिलीवरच बोलतो. पण देशभरातल्या ज्येष्ठांच्या 'लासी' सर्वेक्षणात एकटे राहणारे निघाले साधारण ६ टक्के. बाकीचे घरातच आहेत, माणसांतच आहेत. त्याच सर्वेक्षणात, नैराश्याचं निदान झालंय असं साठीपुढच्या ०.८ टक्के लोकांनी सांगितलं. प्रश्नावलीने तपासलं तर आकडा ८.३ टक्के. दहापट! भरल्या घरातला माणूस 'एकटेपणा'च्या चाळणीत सापडणारच नाही. तो म्हणतो, "हातपाय चालतायत तोवर देवानं न्यावं." हे वाक्य कोल्हापुरात कुणी ऐकलं नाही? बहुतेकदा ती बोलायची रीत असते. कधीकधी नसते. रीत समजून सोडून देण्यापेक्षा "असं का वाटतंय?" एवढं विचारा. आणि सरळ "जीव द्यावा असं मनात येतं का?" असंही विचारता येतं, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. उत्तर होकारार्थी आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसचा नंबर १४४१६, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

पुरुषांचा प्रश्न उरतोच. रंकाळ्यावर सकाळी बघा, तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बघा, म्हातारी माणसं घोळक्याने असतात. सोबतीची कमी नाही. पण गुडघा गेला, नजर गेली की माणूस यायचा थांबतो, आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या हजेरीवहीत नावं असतात ती आलेल्यांची. मला कुणी निधी दिला (हसू नका, फेलोशिप वेळेवर आली तरी पुरे) तर मी यायचे थांबलेल्यांची यादी करीन. निम्म्यांना आठवड्याला दोन फोन, नुसत्या गप्पांचे. निम्म्यांना तेवढेच फोन, आणि शिवाय डोळे तपासायला नेणारा, शुगर बघणारा, श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरून देणारा माणूस. दोन्हीकडे वेळ सारखा, म्हणजे गोव्यात जे वेगळं काढता आलं नाही ते निघेल. मोजायचं ते ओझं. आणि यादीत निम्मे तरी पुरुष, त्यासाठी दारोदार फिरावं लागलं तरी.