वाचणारा मुलगा, न वाचणारी आई

रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीस जाण्याचा योग आला. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याचे हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. २०२४ साली उद्घाटन झालेली नंगाऱ्याच्या आकाराची वास्तू आता दुरूनच दिसते. तिच्याजवळ एक आजी नातवाकडून मराठी पाटी वाचून घेत होत्या. तो वाचे आणि गोरबोलीत सांगे. मध्येच आजींनी त्याला थांबवले व सेवालालांची कथा स्वतःच गाऊन पुरी केली. नातू संकोचून आमच्याकडे पाहू लागला. तो संकोच आमच्या ओळखीचा होता.

परतल्यावर आम्ही लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) पुन्हा हाती घेतले. बंजारा समाजातून आलेले आत्माराम राठोड यांचे ‘तांडा’ही याच प्रवाहातले. १८७१च्या कायद्याने ज्यांच्यातील कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्या भटक्या-विमुक्तांचे हे आत्मकथन. समीक्षकांनी त्याला सामाजिक दस्तऐवज म्हणून गौरविले, आणि आमच्या मते तेथेच थोडा अन्याय केला. या पुस्तकांचा खरा विषय घर आहे.

‘उचल्या’त लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीतली मुले आजारी पडतात; दोष त्याच्या शाळेला दिला जातो. बाप मात्र हटत नाही. या प्रसंगात भाष्य नाही, म्हणूनच तो अंगावर येतो. वस्तीचा तर्क वेडा खरा, पण शिकलेले पोर आपले राहत नाही, हे तिने ओळखले होते. पुढे चळवळ आणि सभा सुरू होतात, तेव्हा हेच गद्य पातळ होते. ‘उपरा’ या बाबतीत सरस. तेथला नायक गावालाही परका आणि आंतरजातीय विवाहानंतर जातीलाही परका.

आम्हांला सेमिनरीत संत ऑगस्टिन शिकविले गेले. त्यांच्या आत्मकथनातील मोनिका थोरच. पण तिच्या घरी दासी होत्या. आमची आई दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जाई. तिच्यासारखी आई आम्हांला पुस्तकात प्रथम भेटली ती या लेखकांमुळे, आणि तोवर उशीर झाला होता. सुटीत आमच्या हातातले पुस्तक पाहून तिने एकदा विचारले, “यात काय लिहिलंय रे?” आम्ही म्हणालो, “तुला कळायचं नाही.” गुरुदीक्षेनंतर घरी गेलो, तेव्हा एकुलती खुर्ची पदराने पुसून ती म्हणाली, “बसा, फादर.” ‘रे’ पुन्हा ऐकू आला नाही.

या पुस्तकांतील भाषा काही वाचकांना शिवराळ वाटेल. ते शब्द गाळू नयेत. ‘उचल्या’चा पहिला भाग तरी घरात, आजीसमोर, मोठ्याने वाचावा. ती मध्येच थांबवून आपले काही सांगू लागली, तर पुस्तक मिटून ठेवावे.