अनुक्रमणिकेतील अनोळखी नाव

नवी कथा मिळत नाही, अशी तक्रार करणारा वाचक बहुधा अनुक्रमणिकेत ओळखीचे नाव शोधतो आणि तेवढेच पान उघडतो. अशा वाचकाने १९७४ सालची एक हकीकत ध्यानात घ्यावी. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक होते नारायण विनायक जगताप! पुढे उलगडा झाला, की जयंत विष्णु नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. परीक्षकांपुढे कीर्ती नव्हती, केवळ कथा होती. २०२१ मध्ये हेच लेखक नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

बाबुराव अर्नाळकरांची रहस्यकथा आणि नारायण धारपांची भयकथा यांना वाचकांनी घरात घेतले; समीक्षेने मात्र बराच काळ ओसरीवरच बसविले. प्रत्येक रहस्यकथा चांगली असते, असे नव्हे. कसोटी एकच: रहस्य कळल्यावरही ती पुन्हा वाचावीशी वाटते काय?

पुनावळ्यात आज एकाच जिन्यावर मूळचे गावकरी आणि दूरदूरची माणसे भेटतात. ओळख कोणीतरी आधी बोलल्यावाचून होत नाही. दिवाळी अंकातही तसेच आहे. तेव्हा यंदा घरातील एकाने लेखकाचे नाव न सांगता एक कथा मोठ्याने वाचावी. आवडली की नाही, हे सर्वांनी आधी सांगावे, नाव मागाहून.