कूपर मंत्रिमंडळ (१९३७) : वैधता आणि विश्वास

मुंबई इलाख्याच्या इतिहासलेखनात धनजीशा कूपर यांच्या मंत्रिमंडळाची बोळवण बहुधा 'बाहुले मंत्रिमंडळ' या एका शब्दात केली जाते. हे मूल्यमापन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. १ एप्रिल १९३७ ते १९ जुलै १९३७ एवढेच आयुष्य लाभलेले हे मंत्रिमंडळ १९३५ च्या कायद्यानुसार पूर्णतः वैध होते. खरा दोष अन्यत्र शोधावा लागतो.

१७५ पैकी ८६ जागा मिळवून काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला होता. परंतु राज्यपालांनी विशेषाधिकार न वापरण्याची हमी न मिळाल्याने त्याने सत्ता नाकारली. तेव्हा साताऱ्याचे पारशी उद्योजक कूपर यांना पाचारण झाले. ब्राह्मणेतर राजकारणातील कूपर व सिद्धप्पा कांबळी आणि टिळकपंथीय जमनादास मेहता एकाच मंत्रिमंडळात बसले, यातच त्या रचनेचा ठिसूळपणा दिसतो. (करवीर संस्थानातील गडमुडशिंगीसारख्या गावांना तर या निवडणुकीत मतच नव्हते.)

येथे फ्रान्सच्या तिसऱ्या प्रजासत्ताकातील रोशबुए मंत्रिमंडळाची तुलना उद्‌बोधक ठरते. राष्ट्राध्यक्ष मॅकमहोन यांनी नोव्हेंबर १८७७ मध्ये संसदेबाहेरील व्यक्तींचे हे मंत्रिमंडळ नेमले. प्रतिनिधीसभेने त्याच्याशी कोणताही संबंध ठेवण्यास नकार दिला आणि सुमारे तीन आठवड्यांत ते कोसळले. तेथे सभागृह भरले होते, म्हणून नकार देता आला. मुंबईत मात्र कूपर यांच्या कारकिर्दीत विधानसभा भरलीच नाही. काँग्रेस स्पष्ट बहुमतापासून दोन जागा दूर होती, ही बाब लक्षात घेतली तर सभागृहातील कसोटी अधिकच आवश्यक होती. तसे न करता ब्रिटिश शासनाने व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या जूनमधील निवेदनाची व जुलैतील वर्धा येथील काँग्रेस कार्यकारिणीच्या निर्णयाची वाट पाहिली. विधानसभेची पहिली बैठक भरली ती १९ जुलै रोजी, बाळासाहेब खेर सत्तेवर आले त्याच दिवशी.

कूपर यांना व्यक्तिशः दोष देणाऱ्या अभ्यासकांकडून कायद्यातील ही फट दुर्लक्षित राहते. दोन अधिवेशनांत बारा महिन्यांपर्यंत अंतर ठेवण्याची मुभा त्या कायद्यातच होती. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७४ ने ही मर्यादा सहा महिन्यांवर आणली, तर बहुमताचा निर्णय सभागृहातच व्हावा हे तत्त्व बोम्मई खटल्याने (१९९४) प्रस्थापित केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी विश्वासदर्शक ठराव घेण्याचा आदेश देताच महाराष्ट्रातील चार दिवसांच्या सरकारने राजीनामा दिला. कूपर यांच्यावर असा आदेश बजावू शकणारी कोणतीही संस्था १९३७ मध्ये नव्हती.