अस्थींचं काय झालं?

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाशेजारी बसून सिनेमा बघू नये, असं आमच्या सौभाग्यवतींचं ठाम मत आहे. आता यात माझा काय दोष? सकाळी जमा झालेला पैसा संध्याकाळी कुठे गेला, हे विचारण्याचाच मला पगार मिळतो. सिनेमात असतो तसा 'सस्पेन्स' आमच्याकडेही असतो, पण आमच्याकडे ते एक खातं आहे. ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही, ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकायची आणि ऑडिटर येईपर्यंत तिकडे बघायचं नाही.

रोहित शेट्टींचा 'चेन्नई एक्स्प्रेस' मी पहिल्यांदा पाहिला तो २०१३ च्या ऑगस्टमध्ये, बँकेतल्या चौघांबरोबर. पोट धरधरून हसलो. त्या चित्रपटाने देशात दोनशे कोटींच्या वर गल्ला जमवला, त्यात आमचाही खारीचा वाटा आहे. परवा रविवारी तोच चित्रपट टीव्हीवर लागला आणि या खेपेला शेजारी आई होती. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे हाणामारीच्या चित्रपटाला ती आदर्श प्रेक्षक. निदान मला तसं वाटलं होतं.

गोष्ट अशी. मिठाईवाल्यांच्या घरातले आजोबा जातात. त्यांच्या अस्थींचा काही भाग रामेश्वरला विसर्जित करायचा, अशी इच्छा असते. ते काम येतं नातवावर, म्हणजे शाहरुख खानवर. पण नातवाला जायचंय मित्रांबरोबर गोव्याला! मग आजीला दाखवण्यापुरतं चेन्नईच्या गाडीत चढायचं, कल्याणला उतरायचं आणि तिथून मित्रांबरोबर पसार व्हायचं, असा बेत ठरतो. पठ्ठ्या कल्याणला उतरतोही. पण अस्थी गाडीतच राहतात. त्या आणायला परत चढतो, तेवढ्यात दीपिका पदुकोण धावत येते, तिला हात देतो, तिच्यामागून येणाऱ्या चार धटिंगणांनाही हात देतो, आणि गाडी सुटते.

इथपर्यंत ठीक. पुढे मात्र माझ्यातला पनवेलकर जागा झाला. गणपतीच्या आधीचे आठ दिवस आमच्या स्टेशनात उभं राहून बघा. कुठली गाडी कुठून कुठे जाते, हे इथे शेंबडं पोरही सांगतं. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी पुणे, सोलापूर, वाडी, गुंतकल अशी जाते. चित्रपटातली गाडी मात्र थांबते ती थेट दूधसागर धबधब्यापाशी! हा धबधबा आहे गोवा-कर्नाटकाच्या हद्दीवर, मडगावहून लोंढ्याला जाणाऱ्या मार्गावर, कुळे आणि कॅसल रॉक यांच्यामध्ये. म्हणजे ज्या गोव्यासाठी या गड्याने आजीला फसवलं, त्या गोव्याच्या दारात गाडीने त्याला आणून सोडलं आणि बिचाऱ्याला पत्ताच नाही! दिग्दर्शकाला धबधबा सुंदर दिसला, त्याने गाडी तिकडे वळवली. रेल्वे बोर्डाला जे जमलं नाही ते कॅमेऱ्याला जमलं.

शेट्टींचं सगळंच असं. त्यांचे वडील एम. बी. शेट्टी हिंदी चित्रपटांत मारामाऱ्या बसवायचे आणि पडद्यावर स्वतः मारही खायचे. मुलाने माणसांबरोबर मोटारींनाही मार खायला लावला. त्यांच्या चित्रपटात जीप रस्त्याने कमी आणि आकाशातून जास्त जाते. मी वाहनकर्जाच्या टेबलावर बसतो, त्यामुळे प्रत्येक कोलांटीला माझ्या डोळ्यांसमोर थकलेले हप्ते येतात. पण गंमत येते, खोटं कशाला बोलू? गाडीच्या डब्यात गुंडांच्या देखत ती दोघं हिंदी गाण्यांच्या चालींवर एकमेकांना निरोप देतात, तिथे मी पुन्हा हसलो. दीपिका तर सगळ्यांना पुरून उरली आहे.

अशा ऐन धुमाळीत आईने विचारलं, "अरे, त्या आजोबांच्या अस्थी कुठायत?"

"असतील गं सामानात."

"सामान कुठाय?"

मी गप्प. अस्थी सस्पेन्स खात्यात होत्या.

"आणि मघाशी तो गोव्याला निघाला तेव्हा तू हसत काय होतास?" ती म्हणाली. "तूही मिसळ खाल्लीसच की."

चार वर्षांपूर्वी अण्णांच्या अस्थी घेऊन मी आणि मेहुणा मोटारीने नाशिकला गेलो होतो. विधी व्हायचा होता, उपाशी राहायचं होतं. कसारा घाट चढल्यावर एक टपरी दिसली. कलश मागच्या सीटवर आणि आम्ही दोघं बाकड्यावर. रस्सा मी दोनदा मागून घेतला. हे मेहुणा कधीतरी आईजवळ बोलून गेला असणार. चार वर्षं तिने चकार शब्द काढला नव्हता.

तेव्हा माझी तक्रार धबधब्याबद्दल नाही, जीपांबद्दलही नाही. तक्रार ही, की पहिल्या काही मिनिटांत या चित्रपटाने मला बरोबर पकडलं होतं. आजोबांवर माया आहे आणि गोव्यालाही जायचंय, असा नातू घराघरांत असतो. त्याचं पुढे काय होतं, हे मला बघायचं होतं. रामेश्वर येतं, नाही असं नाही. नायिकाच त्याला तिथे जायला लावते आणि अस्थी विसर्जित होतात. पण पुढे मोठी हाणामारी खोळंबलेली, म्हणून सगळं घाईत उरकायचं! आईने टीव्हीसमोर हात जोडून डोळे मिटले. ते उघडेपर्यंत गाडी पुढे गेली होती.

आई उठली.

"अगं, अजून शेवटची मारामारी आहे," मी म्हटलं.

"झालं की काम. आता कशासाठी मारामारी?" असं म्हणून ती झोपायला गेली. हे परीक्षण खरं तर तिथेच संपलं. एवढं चोख ऑडिट आमच्या शाखेत कुणी केल्याचं मला आठवत नाही.

मी मात्र शेवटच्या नाचापर्यंत बसून राहिलो. रस्सा दोनदा मागणारा माणूस, दुसरं काय करणार!