सदन, मुक्ती, माहेर : आश्रयघरांची नावं वाचताना

या मालेत आपण एरवी पुस्तकं वाचतो. आज आम्ही चार पाट्या वाचायला घेतल्या आहेत. पुणे जिल्ह्यात आणि आसपास निराधार बायका-मुलांसाठी जी घरं उभी राहिली, त्यांच्या दारावरची नावं. ख्रिस्ती सेवाकार्याबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक आरतीचा, दुसरा आरोपपत्राचा. दोन्हींत मूल हरवतं. म्हणून आम्ही नावापासून सुरुवात करतो. घर काढणारा माणूस नाव ठेवताना आपल्या मनात काय आहे ते सांगून जातो, कधी कधी त्याच्याही नकळत.

पहिली पाटी, शारदा सदन. पंडिता रमाबाईंनी ते ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत काढलं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात हलवलं. रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या, पण नाव मात्र विद्येच्या देवतेचं. हे नाव म्हणजे एक करार होता. इथे शिक्षण मिळेल, धर्माला हात लावला जाणार नाही. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळावर होते ते याच भरवशावर.

करार मोडला का? रमाबाई प्रार्थनेला बसताना खोलीचं दार लावून घेत नसत आणि मुली आपणहून येऊन बसत. त्यांचं म्हणणं होतं, मी कुणाला बोलवत नाही आणि कुणाला हाकलणारही नाही. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. आमचं मत विचाराल, तर आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. जिच्या हातून आपल्याला जेवण मिळतं तिचं उघडं दार हे लहान मुलीला आमंत्रणच वाटतं. पण त्या वादात एक प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. काढून नेलेल्या मुली कुठे जाणार होत्या? ज्या घरात विधवेला जागा नव्हती, त्याच घरात ना?

याच सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. बालविधवा. १८९३ मध्येच त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, म्हणजे आपल्या बाया कर्वे झाल्या. शारदा सदनातून ती मुलगी आपला धर्म बदलून नव्हे, आपलं आयुष्य बदलून बाहेर पडली. आणि १८९६ साली कर्व्यांनी दुसरी पाटी लावली, अनाथ बालिकाश्रम. टीकेला खरं उत्तर हे होतं. घराला उत्तर घरानेच द्यावं लागतं. पण नाव बघा. 'अनाथ' हा शब्द देणगीदाराशी बोलतो. आत राहणाऱ्या मुलीच्या कपाळावर तो कायमचा बसतो, याचा विचार त्या काळी फारसा कुणी करत नसे.

तिसरी पाटी केडगावची, मुक्ती. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवर. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि मुली घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या हजाराच्या पुढे गेली. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील १८७४ साली दुष्काळातच गेले होते, हे लक्षात ठेवलं तर त्या स्टेशनात उतरून मुली का गोळा करत होत्या ते वेगळं समजवावं लागत नाही. तिथे शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तिथल्या बायकांनी जुळवले. आपण दानाची वस्तू आहोत असं वाटू न देण्याचा तो मार्ग होता.

पण 'मुक्ती' हा एकाच दिशेचा शब्द आहे. कशापासून तरी सुटायचं आणि परत जायचं नाही. आता करारही उरला नव्हता, धर्म उघडपणे नावातच आला होता. दुष्काळात गाव उजाड झालेल्या पोरीला परतीची वाट नव्हतीच, म्हणून तिच्यासाठी हे नाव खरं होतं. मात्र जिचे आईबाप जिवंत आहेत, तिच्यासाठी तोच शब्द अपुरा पडतो. सेवाकार्याची चूक बहुतेक वेळा इथे होते. दुष्काळासाठी घडवलेलं घर दुष्काळ संपल्यावरही तसंच चालू राहतं.

चौथी पाटी आपल्या अगदी जवळची. चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याने पूर्वेला गेलात की कोरेगाव भीमाजवळ वढू बुद्रुक लागतं. सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७ साली तिथे 'माहेर' सुरू केलं. जोगीण ख्रिस्ती, पण संस्था सर्वधर्मीय. त्यामागची गोष्ट सिस्टर स्वतः सांगतात. १९९१ साली एक गरोदर बाई आसरा मागायला आली. सिस्टरांनी तिला दुसऱ्या दिवशी बघू म्हणून परत पाठवलं. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवलं. ती वाचली नाही.

संस्थांच्या जन्मकथा आपण खूप ऐकतो. त्यांत बहुधा संस्थापकाला हाक ऐकू येते आणि तो धावतो. इथे हाक ऐकू आली आणि धावणं झालं नाही. स्वतःची चूक पायाखाली ठेवून उभी राहिलेली ही कथा आहे, म्हणून आम्हाला ती विश्वासार्ह वाटते. 'उद्या ये' हे वाक्य कुठल्याही आश्रयघराने भिंतीवर लिहून ठेवावं, म्हणजे ते पुन्हा तोंडातून निघणार नाही.

आणि नाव! माहेर म्हणजे काय, तर जिथे का आलीस म्हणून विचारत नाहीत. दिवाळीला जायचं, बाळंतपणाला जायचं, चार दिवस माहेरपण करून घ्यायचं आणि परत यायचं. माहेर जोडून असतं, ते कोंडून ठेवत नाही. टीकाच करायची तर एवढीच, की हा शब्द जरा जास्त गोड आहे. खरं माहेरच पुष्कळदा 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणून पोरीला परत धाडतं. माहेरांनी आपलं काम केलं असतं, तर 'माहेर' काढावं लागलं नसतं.

आता हे सगळं आपल्या पट्ट्यात आणून बघू. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग आकुर्डी, भोसरी, मग चाकण. आज निघोजे, महाळुंगे, कुरुळीच्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी बाई मराठवाड्यातून, विदर्भातून, नाहीतर बिहारमधून आलेली आहे. तिचं माहेर रात्रभराच्या गाडीवर आहे. नवरा कंत्राटी. त्याचा अपघात झाला, दारू लागली, नाहीतर तो निघून गेला, की पहिल्या महिन्यात भाडं थकतं, दुसऱ्या महिन्यात शाळा सुटते आणि तिसऱ्या महिन्यात कुणीतरी सांगतं, 'पोरांना संस्थेत टाक.' हे मूल अनाथ नाही. त्याची आई दुसऱ्या पाळीत कामाला आहे, इतकंच.

इथे कायदा दानापेक्षा पुढे गेला आहे. २०१५ चा बालन्याय कायदा म्हणतो की संस्था हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब. आसऱ्याला आलेलं मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, तिच्यातून मूल घरीच राहावं म्हणून दरमहा पैसे मिळतात. आणि १९४८ चा कारखाने कायदा २०२५ पर्यंत सांगत होता, तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे पाळणाघर हवं. कंत्राटदारांत कामगार वाटले गेले की तो आकडा कुणाच्याच वहीत भरत नाही. मग तेच मूल एखाद्या आश्रयघराच्या वहीत भरतं, आणि तिथे एखाद्या कारखान्यातून दिवाळीला ब्लँकेटं येतात. पाळणाघर आलं असतं, तर ब्लँकेट लागलं नसतं.

म्हणून कुठल्याही आश्रयघराला, ख्रिस्ती असो, हिंदू असो की सरकारी, आमचे तीन प्रश्न. आई भेटायला आली तर तिला बाकावर बसवता की मुलाजवळ? वर्षात किती मुलं परत घरी पोचवलीत, हे अहवालात किती मुलं ठेवलीत याच्या आधी छापता का? आणि अठरा पूर्ण झालेला मुलगा पुढच्या दिवाळीला आला, तर त्याच्यासाठी ताट असतं का? मुलग्यांचं माहेर आपल्या भाषेतही नाही, म्हणून हा प्रश्न मुद्दाम.

कुणाचा देव कुठला, हा प्रश्न विचारायला आमची हरकत नाही. १८९३ मध्येही तो विचारायला हवा होता. पण तो विचारणाऱ्याने आधी एक खोली मोकळी करून दाखवावी, कर्व्यांनी दाखवली तशी. ते जमत नसेल, तर निदान आपल्या शेजारच्या खोलीचं भाडं थकलं आहे का, एवढं आज घरी जाताना बघावं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.