‘वाटणी’ आणि ‘शीव’ : राज्यविभाजनाच्या परिभाषेची चिकित्सा

एखादा प्रदेश मोठ्या राजकीय घटकातून बाहेर पडला, म्हणजे मराठी लेखनात ‘फारकत’, ‘घटस्फोट’ अथवा ‘वाटणी’ ही रूपके योजिली जातात. पहिली दोन संबंधाचा शेवट सुचवितात. तिसरे हिस्से ठरताच थांबते. विभक्त झालेल्यांच्या शेजारी पूर्वीपासून नांदणाऱ्या तिसऱ्या पक्षास या तिन्हींत स्थान नाही. ही उणीव केवळ शब्दांची नव्हे, हे भीमाखोऱ्याच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर घोड नदीच्या काठी, तर त्याच्या शेजारच्या तालुक्याचे ठाणे दौंड भीमेच्या काठी आहे. घोड भीमेस मिळते. ते पाणी उजनी जलाशयातून पुढे कर्नाटकात जाते आणि तेलंगणाच्या सीमेलगत भीमा कृष्णेस मिळते. या कृष्णेच्या २,०६० अब्ज घनफूट पाण्यापैकी महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० असे वाटप बच्छावत लवादाने १९७३ साली केले. २ जून २०१४ रोजी तेलंगण आंध्र प्रदेशातून वेगळे झाले. पुनर्रचना कायद्याच्या कलम ८९ अन्वये प्रकल्पनिहाय वाटप करणे आणि तुटीच्या वर्षी पाणी सोडण्याची पद्धती ठरविणे, ही दोन कामे ब्रिजेश कुमार लवादाकडे आली. हे वाटप खोऱ्यातील चारही राज्यांत व्हावे, असा आग्रह धरला गेला. महाराष्ट्र व कर्नाटक यांनी त्यास विरोध केला. कलमाची व्याप्ती दोन उत्तराधिकारी राज्यांपुरतीच आहे, असे लवादाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ठरविले.

‘वाटणी’ या शब्दाच्या अर्थक्षेत्रात हा निर्णय सुसंगतच म्हटला पाहिजे. दोन भाऊ विभक्त झाले म्हणून शेजाऱ्याच्या रानातील गुंठाभर जमीन कोणी मागत नाही. तथापि वाटणीपत्र करणारा शेतकरी हिश्शांपाशी थांबत नाही. सामाईक विहिरीच्या पाळ्या आणि वहिवाटीची वाट यांचाही तो निर्देश करतो. ‘हिस्सा’ ही परिमाणवाचक संज्ञा होय, ‘पाळी’ ही कालवाचक. हिस्सा एकदा ठरतो. पाळी प्रत्येक हंगामी पाळावी लागते. शिरूर तालुक्यातील चिंचणी येथील घोड धरणाचे पाणी जिल्ह्याची हद्द ओलांडून श्रीगोंद्यास जाते. उभ्या पिकाच्या दृष्टीने तेथे हिस्सा किती याइतकाच आवर्तन केव्हा हा प्रश्न निर्णायक असतो.

कलम ८९ मध्ये तुटीच्या वर्षाचा, म्हणजे पाळीचाच, विचार आहे. परंतु तो दोघांपुरता आहे. याच कायद्याने स्थापिलेल्या कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळावरही राज्यांपैकी ही दोनच आहेत. वस्तुतः खालच्या धरणांत पाणी केव्हा पोचेल, हे वरच्या धरणांच्या दारांवरही अवलंबून असते. खोऱ्यातील राज्यांचे एक अंमलबजावणी मंडळ याच लवादाने २०१० साली सुचविले होते. त्या निर्णयाच्या राजपत्रातील प्रसिद्धीस सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मनाई केली. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने सोलापूर व कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांतील गावे वेढली. अशा वेळी कोणाचा हिस्सा किती, या उत्तराचा नदीकाठच्या गावास काही उपयोग होत नाही.

म्हणून महाराष्ट्राची भूमिका हिश्शापुरती ग्राह्य आहे. हिस्सा सुरक्षित राहिला म्हणजे शेजारधर्मही संपला, असे अनुमान मात्र त्यावरून निघत नाही. खुद्द महाराष्ट्राने २३ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरीखोऱ्यातील मेडीगड्डा आदी प्रकल्पांबाबत तेलंगणाशी करार केला. हिश्शाच्या प्रश्नावर एकमेकांविरुद्ध उभी असलेली दोन राज्ये त्याच वर्षी दुसऱ्या नदीवर एकत्र बसू शकली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

आयर्लंडचा मोठा भाग १९२२ साली ब्रिटिश राज्यसंघातून बाहेर पडला. पुढे १९५२ साली सीमेवरील फॉइल नदीच्या मत्स्यव्यवसायासाठी दोन्ही बाजूंनी कायदे करून एकच आयोग नेमला. सीमा पुसली गेली नाही. नदीचा कारभार तेवढा एक झाला. ब्रिटन २०२० साली युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही त्या आयोगाची उत्तराधिकारी संस्था टिकून राहिली.

या प्रकारच्या संबंधास मराठीत शब्द शोधावा लागत नाही. ‘शीव’ हा ‘सीमा’ या संस्कृत शब्दाचा तद्भव. पण दोहोंच्या व्यवहारात भेद पडला आहे. राजकीय लेखनातील ‘सीमा’ रक्षावयाची असते, तर शिवेला शीव लागते. शीव एका गावाची असूच शकत नाही. ती म्हणताच पलीकडचे गाव गृहीत धरले जाते. विभाजनाच्या चर्चेत ‘हिस्सा’ आणि ‘वाटणी’ यांचे स्थान अबाधित राहील. त्यांच्या जोडीस ‘पाळी’ व ‘शीव’ या संज्ञा आल्याखेरीज मात्र शिरूर-दौंडच्या पाण्यापासून खालच्या राज्यांपर्यंतच्या व्यवहाराचे वर्णन पुरे होणार नाही. आणि ज्याचे वर्णन अपुरे, त्याविषयीचा करारही अपुराच राहतो.