द्व्यर्थी आकृती आणि पूर्वदर्शन : एका रूढ निष्कर्षाची चिकित्सा

मानसशास्त्राच्या अध्यापनात द्व्यर्थी आकृतींना दृष्टान्ताचे स्थान प्राप्त झाले आहे. रेखाचित्र एकच, परंतु एकाला त्यात पाठमोरी होऊ पाहणारी तरुणी दिसते, तर दुसऱ्याला हनुवटी छातीशी टेकलेली वृद्धा. रेषा त्याच राहतात, दिसणारे रूप तेवढे बदलते. आणि 'मनात जे असते तेच डोळ्यांना दिसते' हा निष्कर्ष त्यावरून इतक्या सहजपणे काढला जातो की, तो त्याच्या पाठीमागच्या प्रयोगांतून खरोखर निष्पन्न होतो काय, हे विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही.

हे चित्र मूळचे विनोदी साप्ताहिकातले. हिल यांनी ते १९१५ साली 'पक' या अमेरिकन साप्ताहिकात 'माझी पत्नी आणि माझी सासू' अशा शीर्षकाने छापले, आणि १९३० साली बोरिंग यांनी त्याकडे मानसशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. त्यावरील लीपर यांचा १९३५ चा प्रयोग सर्वश्रुत आहे; निदान त्याचा अर्धा भाग तरी. लीपर यांनी काही प्रयुक्तांना मूळ चित्र कोणत्याही पूर्वतयारीविना दाखविले. काहींना आधी असे एकार्थी चित्र दाखविले की ज्यात केवळ तरुणी, अथवा केवळ वृद्धाच, दिसावी. आणखी काहींना चित्र न दाखविता त्या स्त्रीचे शब्दांनी वर्णन करून सांगितले. पूर्वतयारी नसलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना प्रथम तरुणी दिसली. एकार्थी चित्र पाहिलेल्यांना जवळजवळ निरपवादपणे तेच रूप पुन्हा दिसले. वर्णन ऐकलेल्यांची स्थिती मात्र पूर्वतयारी नसलेल्यांहून फारशी वेगळी झाली नाही.

यांतील दुसरी गोष्ट आवर्जून सांगितली जाते आणि तिसरी बहुधा गळते. वस्तुतः तिसरीच अधिक मोलाची आहे. संवेदनावर प्रभाव पडला तो पूर्वी पाहिलेल्याचा, पूर्वी ऐकलेल्याचा नव्हे. हा भेद नजरेआड केल्यामुळे तत्त्वज्ञानातही एक घाईचे अनुमान रूढ झाले. हॅन्सन यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात अशाच आकृतींच्या आधारे निरीक्षण हे सिद्धान्तगर्भ असते असे प्रतिपादन केले, आणि पहाटे पूर्वेकडे पाहणाऱ्या टायको ब्राहे व केप्लर यांना एकच वस्तू दिसते काय, असा प्रश्न विचारला. प्रश्न मार्मिक आहे यात संशय नाही. परंतु केप्लर यांना फिरणाऱ्या पृथ्वीचे एकार्थी चित्र कोणी आधी दाखविले होते? त्यांची पूर्वतयारी गणिताची आणि शब्दांची होती. म्हणजे लीपर यांच्या प्रयोगात जी निष्प्रभ ठरली त्याच जातीची. सिद्धान्त निरीक्षणात शिरत नाही असे यावरून सिद्ध होत नाही. तो शिरतो हे दाखविण्यास ही आकृती अपुरी साक्षीदार आहे, इतकेच.

तथापि 'पूर्वी पाहिलेले' म्हणजे नेमके काय, हेही वाटते तितके सरळ नाही. बुगेल्स्की आणि अलम्पे यांनी १९६१ साली उंदीर आणि चष्मेवाला पुरुष अशी दोन्ही रूपे धारण करणारी आकृती वापरली. आधी इतर प्राण्यांची चित्रे पाहिलेल्यांचा कल उंदराकडे झुकला, जरी त्या चित्रांत उंदीर नव्हता. तेव्हा पुढे संक्रान्त होते ती केवळ रेषांची ठेवण नव्हे. जातीची कल्पनाही संक्रान्त होते, मात्र ती डोळ्यांवाटे आलेली असली तर. उलटपक्षी, लाँग, टॉपिनो आणि मोंडिन यांनी १९९२ साली दाखविले की, एकार्थी रूप अल्पकाळ पाहिल्यास तेच पुन्हा दिसू लागते, पण दीर्घकाळ टक लावून पाहिल्यास नेमके दुसरे रूप पुढे येते. अर्थात ताज्या अनुभवाला एकच दिशा असते हे गृहीतच डळमळते.

झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाच्या प्रवेशद्वाराशी ब्रुगर यांनी केलेली आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी या पार्श्वभूमीवर तपासावी लागते. जॅस्ट्रो यांच्यामुळे विख्यात झालेली बदक-सशाची आकृती ईस्टरच्या रविवारी पुष्कळांना ससा दिसली, आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी बहुतेकांना पक्षी. अंडी घेऊन येणाऱ्या सशाचा तो सण, त्यामुळे हा फरक मोठा आकर्षक वाटतो. परंतु दोन्ही दिवशी माणसे निराळी होती. त्या दिवशी प्रत्येकाने प्रत्यक्ष काय पाहिले होते याची मोजदाद नव्हती. आणि सणाच्या दिवशी जिभेवर आधी आलेला शब्द व डोळ्यांपुढे आधी आलेले रूप यांची फारकत करण्याचा मार्गही अशा पाहणीत नसतो.

येथे परिभाषेचाही एक प्रश्न उद्भवतो. अशा आकृतींना मराठीत 'संदिग्ध' म्हणण्याचा प्रघात सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. नैयायिकांच्या संशयाच्या प्रसिद्ध उदाहरणात 'हा खांब आहे की पुरुष' असे दोन्ही पर्याय एकाच वेळी मनात उभे असतात आणि द्रष्टा निर्णायक विशेष शोधत असतो. तरुणी पाहणाऱ्यास असा कोणताही संदेह नसतो; त्याला निःशंकपणे तरुणीच दिसते. गर्गस, रॉक आणि इगाट्झ यांनी १९७७ साली, आकृतीला दुसरे रूप आहे याची कल्पना न देता, प्रयुक्तांना उलटणाऱ्या आकृती दाखविल्या. बऱ्याच जणांना दुसरे रूप दिसलेच नाही. उलट, आधी सूचना मिळालेल्यांना ते दिसत असे.

लीपर यांच्या प्रयोगात दुबळा ठरलेला शब्द येथे समर्थ ठरतो, आणि या दोहोंत विरोध नाही. पहिल्या दृष्टिक्षेपात काय दिसावे हे शब्द ठरवू शकत नाही. पुन्हा पाहावे की नाही हे मात्र तो ठरवितो. केप्लर यांच्याविषयी हॅन्सन यांना जे म्हणावयाचे होते ते कदाचित या दुसऱ्या दृष्टिक्षेपाविषयीच खरे ठरेल. परंतु त्यासाठी दोन्ही क्षेपांची नोंद वेगवेगळी ठेवणारे प्रयोग हवेत, आणि 'प्रथम काय दिसले' एवढेच विचारून थांबणाऱ्या प्रश्नावलीतून ती नोंद मिळणे शक्य नाही.